करार झाला, ड्रॉइंग कोणाकडे?

प्रति,
मा. उद्योगमंत्री, उद्योग विभागाचे सचिव आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे अधिकारी,
मंत्रालय, मुंबई.



15 जून 2020 रोजी आपल्या खात्याने संगणकाच्या पडद्यावर एक समारंभ घडवून आणला. करोनाचे दिवस होते, हस्तांदोलनाची सोय नव्हती. ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र 2.0’ या नावाखाली बारा सामंजस्य करार झाले आणि त्यातले तीन चिनी कंपन्यांशी निगडित होते: ग्रेट वॉल मोटर्स 3,770 कोटी रुपये, पीएमआय व फोटॉन 1,000 कोटी, हेंगली इंजिनिअरिंग 250 कोटी. त्याच रात्री गलवानच्या खोऱ्यात वीस भारतीय जवान शहीद झाले. आठवडाभरात तिन्ही करार ‘जैसे थे’ ठेवल्याची बातमी आली.

स्थगिती दिली यात वावगे काही नव्हते. सीमेवर रक्त सांडलेले असताना दुसरे काही करणे कोणत्याच सरकारला शक्य नव्हते. दुखणे निराळेच आहे. करार झाले तेव्हा कोटींचे आकडे आले, थांबले तेव्हाही तेच आकडे पुन्हा छापून आले. या कंपन्या इथे नेमके काय बनवणार होत्या, त्याचे आराखडे कुठे तयार होणार होते, सुटे भाग कोणाकडून घेणार होत्या, त्यातले किती काम सातारा, पलूस, कुपवाडच्या शेडपर्यंत पोचणार होते, यातले सामान्य वाचकाच्या हाती काही लागले नाही. लागले असते, तर आपले नुकसान झाले की एक संकट टळले, हे तरी ठरवता आले असते.

त्या एका प्रश्नासाठी हे पत्र आहे. अमेरिकी कंपनी असो की चिनी, ती आपल्याकडे येते तेव्हा आपले खाते तिला दोन गोष्टी विचारते: गुंतवणूक किती आणि रोजगार किती. तिसरी गोष्ट राहून जाते. सातारा-सांगलीच्या कुठल्याही मशीन शॉपमधला फोरमन ती पहिल्यांदा विचारतो, कारण त्याचे पोट त्यावर असते: ड्रॉइंग कोणाकडे राहणार?

तळेगावची कहाणी आपल्याला तोंडपाठ असेल, तरी एकदा उजळणी करायला हरकत नाही. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना 2008 मध्ये सुरू झाला. सातारा-सांगलीच्या आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या पोरांच्या दृष्टीने पुण्यापलीकडे आणखी एक मोठे दार उघडले. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस जनरल मोटर्सने शांघायच्या सैक कंपनीशी हातमिळवणी केली आणि भारतातल्या धंद्यात तिला निम्मा वाटा दिला. काही वर्षांनी अमेरिकी कंपनीने ताबा परत मिळवला. तोवर भारतीय रस्त्यांवर आलेली शेवरोले ‘सेल’ ही गाडी मात्र शांघायमधल्या भागीदारीत आखलेली होती आणि ‘एन्जॉय’चे मूळ वुलिंगच्या चिनी गाडीत होते. बोनेटवर अमेरिकी शिक्का आणि आत चिनी आराखडा, हे गिऱ्हाइकाच्या फारसे लक्षातही आले नाही.

2017 मध्ये जनरल मोटर्सने भारतात गाड्या विकणे थांबवले. गुजरातेतला हालोलचा कारखाना सैकने घेतला आणि तिथून ‘एमजी’ नावाने गाड्या काढल्या. तळेगाव मेक्सिकोसारख्या देशांच्या निर्यातीवर तग धरून राहिले. जानेवारी 2020 मध्ये ग्रेट वॉलने तळेगाव घेण्याचा करार केला, फेब्रुवारीत दिल्लीजवळच्या वाहन प्रदर्शनात मोठा मांडव घालून आपल्या गाड्या मांडल्या. 17 एप्रिल रोजी केंद्राची ‘प्रेस नोट 3’ आली आणि सीमेला लागून असलेल्या देशांतल्या गुंतवणुकीला सरकारी परवानगी सक्तीची झाली. जूनमध्ये गलवान. 24 डिसेंबर 2020 रोजी तळेगावची असेंब्ली लाइन थांबली. परवानगीची वाट पाहून 2022 च्या मध्यावर ग्रेट वॉलचा करार आपोआप संपला, 2023 मध्ये ह्युंदाईने कारखाना घेतला आणि 2025 मध्ये तिथून पुन्हा गाड्या निघू लागल्या.

एका जागेवरून अमेरिकी गेले, चिनी दारात येऊन परतले, कोरियन आले. कारखाना पुन्हा उघडला याचे श्रेय आपण घ्यावे, ते आपलेच आहे. पण बारा वर्षांत तिथे हजारो हातांनी मोटार जोडली, मोटार आखणारा माणूस मात्र तळेगावात घडला नाही. जनरल मोटर्सचे भारतातले तांत्रिक केंद्र बंगळुरूला होते. म्हणून मालक गेला तशी लाइन थांबली आणि कामगारांकडे भरपाईसाठी उपोषणाला बसण्यापलीकडे काही उरले नाही.

याच तळेगावात 1908 मध्ये लोकांकडून एकेक पैसा गोळा करून पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला होता. त्याची जबाबदारी घेणारे ईश्वरदास वार्ष्णेय जपान आणि अमेरिकेत शिकून आलेले होते. शंभर वर्षांपूर्वी शिकलेला माणूस आधी शोधून मग वर्गणीच्या पैशातून भट्टी पेटवण्याची अक्कल या गावाला होती, एवढी नोंद इथे पुरे.

आता शांघायकडे पाहू. जनरल मोटर्स तिथे 1997 मध्ये सैकबरोबर आली, तीही फोर्डला मागे टाकून. बीजिंगचे 1994 चे मोटार उद्योग धोरण स्पष्ट होते: परदेशी कंपनीचा वाटा निम्म्याच्या वर जाणार नाही आणि भागीदारीला स्वतःचे संशोधन उभे करावे लागेल. म्हणून मोटारीच्या कारखान्याबरोबर त्याच वर्षी ‘पॅटॅक’ नावाचे निम्म्या-निम्म्या भागीदारीचे तांत्रिक केंद्रही उघडले. पहिली ब्यूक 1998 च्या डिसेंबरात बाहेर पडली. त्यानंतर बारा वर्षांच्या आत त्याच केंद्राने ‘सेल’ची नवी गाडी आखली, आणि तीच पुढे भारतात विकायला आली. शांघायला ड्रॉइंग मिळाले, भारताला ते ड्रॉइंग वापरून बनवलेली गाडी मिळाली. कंपनी एकच होती. फरक दारात उभ्या असलेल्या सरकारने काय मागितले, याचा होता.

आपण म्हणाल, चीनची गोष्ट वेगळी. तिथे एकपक्षीय सत्ता आहे, न्यायालयात जायची सोय नाही, तंत्रज्ञान जबरदस्तीने काढून घेतल्याच्या तक्रारी अमेरिकी कंपन्यांनी वर्षानुवर्षे केल्या आणि 2018 च्या व्यापारयुद्धामागचे ते एक कारण होते. खरे आहे. शिवाय जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांमुळे अमुक टक्के माल स्थानिकच घ्या अशी अट आज घालता येत नाही, आणि परदेशी गुंतवणूक हा विषय दिल्लीचा. तेही खरे. पण जमीन कोण देते? सामूहिक प्रोत्साहन योजनेखाली मुद्रांक शुल्काची माफी, विजेच्या शुल्कातली सूट, राज्याच्या वाट्याच्या वस्तू व सेवा कराचा परतावा कोण देते? विशाल आणि अतिविशाल प्रकल्पांसाठी खास सवलतींचे पान कोणाच्या सहीने जोडले जाते? हा सगळा पैसा महाराष्ट्राचा आहे. तालुका ‘क’ गटातला की ‘ड’ गटातला यावर तो कमी-जास्त होतो. मग कंपनी इथे फक्त बोल्ट आवळणार की आराखडाही काढणार, यावर तो कमी-जास्त का होऊ नये?

पहिली विनंती हीच. सवलतीचे मोजमाप करताना कोटी आणि माणसे यांच्या जोडीला तिसरा रकाना घाला. कंपनी चाचणी प्रयोगशाळा कुठे उभारणार, किती स्थानिक पुरवठादारांना स्वतःचे डिझाइन करण्याइतके तयार करणार, किती अभियंते आराखड्याच्या कामावर ठेवणार, हे त्या रकान्यात येऊ द्या. सक्ती नको. सवलत मात्र त्यावर ठरू द्या.

हा विचार आपल्या मातीत परका नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली. परदेशी नांगरांच्या धर्तीवर त्यांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडामुळे जमीन नासते असे शेतकऱ्यांना वाटायचे आणि गिऱ्हाईक मिळेना. बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला लावली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची निवडुंगाने भरलेली माळरानाची जमीन दिली. 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. सांगली जिल्ह्यातली ही वाडी नांगर, चरक, पंप करत पुढे गेली, आणि लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीमधून 1926 मध्ये पदवी घेऊन परतले. 1962 मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातील कमिन्स कंपनीबरोबर पुण्याच्या कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली. औद्योगिक विकास महामंडळही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थापन झाले. म्हणजे आपल्या महामंडळाचे आणि या अमेरिकी-मराठी भागीदारीचे वय एकच आहे.

साताऱ्याचे धनजीशा कूपर 1937 मध्ये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले, हे राजकारणाच्या पुस्तकात असते. त्यांनी 1922 मध्ये साताऱ्यात लोखंडी कामाचा कारखाना काढला, हे इथल्या जुन्या माणसांना जास्त आठवते. आणि राज्य सरकार स्वतः भागीदार असलेली ‘महाराष्ट्र स्कूटर्स’ तर साताऱ्याची शान होती. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज यांनी 1975 मध्ये ती काढली. तिची ‘प्रिया’ दारात उभी असणे म्हणजे घर सावरल्याची खूण होती. मूळ आराखडा इटलीच्या पियाज्जोचा. बजाजचा परवाना 1971 मध्येच संपला आणि नूतनीकरण झाले नाही, तरी काम अडले नाही, कारण दहा वर्षांत ड्रॉइंग हातात आणि डोक्यात आले होते. स्कूटरचा जमाना सरल्यावर साताऱ्याच्या कारखान्यातून स्कूटर निघणे थांबले आणि राज्याच्या वाट्याच्या भागांचा भाव काय, हे भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन 2019 मध्ये मिटले. सरकारने भाव मिळवला असेल. साताऱ्याला त्या जागी नवे काय मिळाले, हे महामंडळाने एकदा सांगावे.

मिळाले ते फलटण, असे आपण म्हणाल, आणि ते बरोबर आहे. कमिन्सने 1997 मध्ये किर्लोस्करांचा वाटा विकत घेतला आणि पुढे फलटणजवळ सुमारे तीनशे एकरांवर ‘मेगासाइट’ वसवली. दुष्काळी टापूत इंजिनांचे कारखाने आले, लाइनवर मुली मोठ्या संख्येने दिसू लागल्या. याचे मोल कमी लेखू नये. ज्या घरातल्या मुलीची वाट एरवी कांद्याच्या खळ्यावरून सासरी जायची, ती गणवेश घालून कंपनीच्या बसने शिफ्टला जाते. फलटण-लोणंद रस्त्यावर पहाटे उभे राहिले की हे दिसते.

पण याच कमिन्सचा चीनमधला प्रवास शेजारी ठेवून पाहावा. 1981 मध्ये तिने चोंगचिंगच्या कारखान्याला इंजिनाचा परवाना दिला, 1986 मध्ये दोंगफेंगच्या पूर्वसुरी कंपनीला दुसऱ्या इंजिनाचा. नव्वदच्या दशकात दोन्ही ठिकाणी भागीदारीचे कारखाने झाले. 2006 मध्ये वुहानला, म्हणजे दोंगफेंगच्या दारातच, संशोधन केंद्र उघडले. पुढे बीजिंगच्या फोटॉनबरोबर आणखी एक कारखाना निघाला. हीच ती फोटॉन, जिचे नाव आपल्या जून 2020 च्या करारात होते. म्हणजे फलटणला इंजिन बनवणाऱ्या कंपनीचा चिनी भागीदार पुण्याजवळ येऊ पाहत होता आणि त्या दोघांना एका टेबलावर बसवण्याची संधी होती. बसले असते की नाही, कोणास ठाऊक. पण हा संबंध कोणाच्या ध्यानात तरी होता का?

न्यायाने बोलायचे तर कमिन्सची तांत्रिक केंद्रे पुण्यात आहेत आणि तिथे चांगले काम होते. जिल्ह्याचे म्हणणे एवढेच, की शंभर किलोमीटरवर फलटणला शेड आणि कोथरूडला डोके, ही वाटणी कंपनीच्या सोयीची आहे आणि सरकारने ती मुकाट मान्य केली. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1960 पासून आहे, सांगलीचे वालचंद 1947 पासून, साखराळ्याचे राजारामबापू 1983 पासून. दरवर्षी तिथून निघणाऱ्या पोरांपैकी आराखड्याचे काम हवे असलेला प्रत्येक जण पुण्याची एसटी धरतो. दुसरी विनंती त्यांच्या वतीने: पुढच्या मोठ्या प्रकल्पाबरोबर या तिघांपैकी एका महाविद्यालयात कंपनीच्या खर्चाने इंजिन किंवा धातूची चाचणी प्रयोगशाळा मागून घ्या, आणि तिची दारे आसपासच्या लहान कारखानदाराला भाड्याने उघडी ठेवा.

लहान कारखानदार म्हणजे कोण, हे मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावरून नीट दिसत नाही, म्हणून कुपवाडच्या एका शेडमध्ये डोकवावे. पत्रा कापायचे फायबर लेझर मशीन आहे. कर्ज काढून घेतलेले, वर पडद्यावर ‘सायपकट’ ही शांघायमध्ये बनलेली प्रणाली चालते. मागचे दार उघडले की लेझर सोर्स दिसतो. त्यावर ‘रेकस’, वुहान. ऑपरेटर नोझल बदलतो, तीन मिलिमीटरचा पत्रा टेबलावर सरकवतो, नायट्रोजनचा दाब बघतो आणि हिरवे बटण दाबतो. पत्रा लोण्यासारखा कापला जातो. बिघाड झाला की मात्र पंचाईत. मशीन विकणारा अहमदाबादचा, त्याचा तंत्रज्ञ चीनमध्ये. 2020 नंतर चिनी तंत्रज्ञाचा व्हिसा मिळेना, आणि ज्या वीचॅटवरून तो बोलायचा त्यावर 29 जून 2020 रोजी बंदी आलेली. मग तिकडच्या माणसाने लपतछपत व्हॉट्सॲप चालू करायचे, इकडच्याने मोबाइल मशीनच्या पोटात धरायचा आणि मोडक्या इंग्रजीत संवाद. दोन दिवस मशीन उभे, हप्ता मात्र चालू.

या लेझर सोर्सच्या खोक्याचा इतिहास आपल्या खात्याने वाचण्यासारखा आहे. जोरदार फायबर लेझर बाजारात आणला तो अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या आयपीजी कंपनीने. एके काळी चिनी मशीनवाल्यांनाही सोर्स तिच्याकडूनच घ्यावा लागे. अमेरिकेत काम करून परतलेल्या तज्ज्ञांनी 2007 मध्ये वुहानला रेकस काढली, भाव पाडला आणि बाजार खेचला. कुपवाडच्या माणसाला हे लेझर परवडते ते त्यामुळेच. चिनी मालावर बहिष्काराचे भाषण त्याच्यासमोर ठोकले तर तो मान डोलावेल आणि पुन्हा मशीनकडे वळेल.

म्हणून तिसरी विनंती. चीनच्या बाबतीत पैसा, यंत्र आणि माणूस या तीन गोष्टी वेगळ्या हाताळा. चिनी पैशाला गाळणी हवी, ती प्रेस नोट 3 ने लावली आहे आणि दूरसंचार, बंदरे, वीज यांत ती घट्टच असावी. यंत्र मात्र बंदरातून आजही उतरते आहे, ते कोणी थांबवलेले नाही. 2020 नंतर अडला तो यंत्र दुरुस्त करणारा आणि शिकवणारा माणूस. केंद्राने उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेतल्या मोठ्या कंपन्यांसाठी अशा व्हिसाची वाट सोपी केली. कुपवाडचा शेडवाला त्या योजनेत बसत नाही. त्याच्यासाठी राज्याने दिल्लीत एकदा तरी पाठपुरावा करावा, किंवा मिरजेच्या आयटीआयमध्ये ही मशीन दुरुस्त करायचा अभ्यासक्रम तरी सुरू करावा. दुसरा पर्याय स्वस्त आहे आणि त्यासाठी दिल्लीचे तोंड पाहावे लागत नाही.

आता थोडे वानशियांग या चिनी कंपनीबद्दल, कारण ही गोष्ट सांगली-साताऱ्यात प्रत्येक उद्योजक मेळाव्यात सांगितली जावी इतकी आपली आहे. चीनच्या हांगचौजवळच्या खेड्यात लू ग्वानछ्यू नावाचा माणूस सायकली दुरुस्त करायचा. 1969 मध्ये त्याने आणखी काही गावकऱ्यांबरोबर चार हजार युआनवर शेतीची अवजारे दुरुस्त करणारे वर्कशॉप काढले. पुढे सगळे सोडून एकच भाग बनवायचा ठरवला, ट्रकचा युनिव्हर्सल जॉइंट. आपल्याकडचा मेकॅनिक ज्याला नुसते ‘क्रॉस’ म्हणतो, तोच. 1984 मध्ये एका अमेरिकी कंपनीने तो क्रॉस विकत घ्यायला सुरुवात केली. ही अमेरिकी कंपनी पुढे खिळखिळी झाली तेव्हा वानशियांगने तीच विकत घेतली. 1994 मध्ये शिकागोजवळ कचेरी टाकली आणि अमेरिकेतल्या मध्यपश्चिमेचे एकेक आजारी पुरवठादार घेत सुटली. 2013 मध्ये तिने ए123 ही बॅटरीची कंपनी घेतली. एमआयटीच्या संशोधनातून 2001 मध्ये निघालेली, अमेरिकी सरकारचे अनुदान खाल्लेली आणि दिवाळखोरीत गेलेली.

या बॅटरीच्या रसायनाचा, लिथियम-लोह-फॉस्फेटचा, शोध टेक्सासमधल्या जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतला. कारखान्यात ते स्वस्त आणि टिकाऊ करून दाखवले चिन्यांनी. फेब्रुवारी 2023 मध्ये फोर्डने जाहीर केले की मिशिगनमधल्या मार्शल गावी कंपनी बॅटरीचा कारखाना काढणार आणि तंत्रज्ञानाचा परवाना चीनच्या सीएटीएलकडून घेणार. हेन्री फोर्डची कंपनी आता चिन्यांना परवाना शुल्क मोजणार. 1981 मध्ये चोंगचिंगने अमेरिकेकडून परवाना घेतला होता. बेचाळीस वर्षांत पारडे फिरले.

सायकलचे दुकान, शेतीची अवजारे, मग यंत्रे. किर्लोस्करवाडी आणि वानशियांग यांची सुरुवात किती सारखी! मग सांगली-साताऱ्यातला एखादा क्रॉस किंवा लायनर बनवणारा कारखानदार आपल्या अमेरिकी गिऱ्हाइकाला विकत घेण्याइतका मोठा का झाला नाही? भांडवल नाही, विजेचा दर शेजारच्या कर्नाटकापेक्षा जास्त, पुढची पिढी पुण्याला, ही उत्तरे सगळ्यांना पाठ आहेत. आणखी एक उत्तर आहे आणि ते कारखानदारांच्या वाट्याचे: गिऱ्हाइकाने ड्रॉइंग पाठवायचे आणि आपण ‘जॉबवर्क’ करायचे, यातच पिढ्या गेल्या. स्वतःचे उत्पादन काढण्याची जोखीम फार थोड्यांनी घेतली. कूपरने ब्रिटनच्या रिकार्डो कंपनीच्या मदतीने स्वतःची इंजिने काढली, ते अपवादात जमा. सरकारला लिहिलेल्या पत्रात ही कबुली असलेली बरी.

‘चायना प्लस वन’चा जप गेली काही वर्षे आपल्या प्रत्येक परिषदेत होतो. अमेरिकी गिऱ्हाईक चीनला दुसरा पर्याय शोधत आहे, ते आपल्याकडे येईल, असा त्याचा अर्थ. चौकशीची पत्रे फाउंड्रीवाल्यांकडे खरेच आली. कास्टिंगचे नमुने गेले, काही ऑर्डरी जमल्या. मग 2025 उजाडले. अमेरिकेने आधी पोलाद आणि अॅल्युमिनियमवर, मग वाहनांच्या भागांवर शुल्क लावले आणि 27 ऑगस्टपासून कित्येक भारतीय वस्तूंवर ते 50 टक्क्यांपर्यंत नेले. ज्याने चीनचा पर्याय म्हणून कर्ज काढून नवी भट्टी बसवली, त्याला त्या आठवड्यात आपल्या जिल्हा उद्योग केंद्रातून एक साधा फोन गेला असता तरी पुरे होते. कोणाच्या मालावर नेमके किती शुल्क, कोणता मार्ग मोकळा, युरोपचा बाजार कसा धरायचा, हे सांगणारे मराठीतले एक पान. चौथी विनंती त्या पानाची. परिषदेच्या मांडवाच्या खर्चात अशी शंभर पाने छापून होतील.

जुलै महिन्यातली एक आठवण द्यायची राहिली. 2025 च्या जुलैत मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचे पहिले दालन थाटात उघडले. मुख्यमंत्री हजर होते, छायाचित्रे आली. विकायला ठेवलेल्या गाड्या शांघायच्या कारखान्यातून आलेल्या होत्या. 2019 मध्ये वर्षभराच्या आत उभा राहिलेला तो कारखाना आज भाग घेतो ते बहुतेक चिनी पुरवठादारांचेच. अमेरिकी नाव, चिनी कारखाना, मराठी फीत. समारंभाला हरकत नाही, पण त्या दिवशी पाहुण्यांना साताऱ्याच्या एखाद्या कारखान्यातला क्रँकशाफ्ट दाखवायची कल्पना कोणाला सुचली असती, तर बरे वाटले असते.

शेवटची मागणी माहितीची आहे. गेल्या दहा वर्षांत मॅग्नेटिक महाराष्ट्र आणि दावोस येथे झालेल्या प्रत्येक सामंजस्य कराराची तालुकावार यादी महामंडळाने मराठीत जाहीर करावी: कंपनी कोणत्या देशाची, तिच्यामागे भांडवल कोणाचे, जमीन किती दिली, प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले का, सवलत किती दिली आणि आराखड्याचे काम राज्यात किती आले. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांपासून सुरुवात केली तरी चालेल. यादी फार लांब होणार नाही, असा इथल्या लोकांचा अंदाज आहे. माहितीच्या अधिकारात ती मागता येईल, पण अर्ज, पहिले अपील, दुसरे अपील यात दोन वर्षे जातात.

दावोसची बैठक दर जानेवारीत भरते. पुढच्या बैठकीला निघण्याआधी ही यादी सातारा आणि सांगलीच्या जिल्हा उद्योग केंद्रांच्या फलकावर लागावी. ती वाचून प्रश्न विचारायला इथले कारखानदार, कराड-सांगलीचे प्राध्यापक आणि फलटणच्या लाइनवरच्या मुली यांना एकत्र बोलवायचे असेल, तर वालचंद महाविद्यालयाचे सभागृह पुरेसे मोठे आहे. तारीख आपण कळवावी.



आपला नम्र,
कृष्णाकाठचा एक नागरिक